लंडनच्या आठ हिशेबनिसांची संस्था



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आजवर संतांची चरित्रे, कुलदेवतांच्या क्षेत्रांची वर्णने आणि मंडळाच्या दिवंगत आश्रयदात्यांचे गुणगौरव आपण वाचत आलो आहोत. यंदा आम्ही थोडा निराळा विषय हाती घेतला आहे. तो म्हणजे हिशेबनिसांच्या एका परदेशी संस्थेचा इतिहास. लंडनच्या जमाखर्चवाल्यांशी आपल्या मंडळाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील तर तो वाजवीच होय. परंतु अलीकडे आपल्या घराघरांतील मुलेमुली वाणिज्य शाखेकडे वळत आहेत आणि 'ए. सी. सी. ए.' ही अक्षरे त्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येतात. आईबाप फीचे पैसे उभे करतात. मात्र या अक्षरांमागे कोणती संस्था आहे, ती कशी उभी राहिली, हे त्यांस ठाऊक नसते. हे झाले एक कारण. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. ही संस्था ज्या हेतूने जन्मास आली, तो हेतू प्रत्येक मंडळाने, मग ते धंद्याचे असो वा ज्ञातीचे, एकवार विचारात घ्यावा असा आहे.

तपासनिसाची गरज

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या समाजास हिशेबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. कीर्द आणि खतावणी हे शब्द आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. युरोपात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितविषयक ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत विशद केली आणि पुढील चार-पाच शतके व्यापारी जग त्याच पायावर हिशेब लिहीत आले. तथापि जोवर दुकान एका मालकाचे होते तोवर वही लिहिणारा आणि वही पाहणारा यांत फारसे अंतर नव्हते. मालक स्वतः गादीवर बसे, आणि पैसा कोठे गेला हे त्यास डोळ्यांनी दिसे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कंपन्या निघाल्या आणि हे चित्र पालटले. १८४४ च्या कायद्याने कंपनीची नोंदणी सुलभ झाली. १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित करण्याची सोय झाली. आता मालक हजारो आणि कारभार पाहणारे पाच-दहा, अशी स्थिती आली. जो पैसा देतो तो कारभार पाहत नाही आणि जो कारभार पाहतो त्याचा पैसा नव्हे! अशा वेळी दोघांच्या मध्ये एक तिसरा, निःपक्षपाती आणि जाणता माणूस हवा. तोच हिशेबतपासनीस.

तो नसला म्हणजे काय होते, याचा धडा १८७८ साली मिळाला. त्या वर्षी सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या संचालकांनी ताळेबंदात खोटे आकडे भरले होते. बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्यादित असल्यामुळे बँकेचे कर्ज त्यांच्या घरादारावर आले. सुमारे अठराशे भागधारकांपैकी बहुसंख्यांचे दिवाळे वाजले आणि संचालकांस तुरुंगवास घडला. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, मर्यादित जबाबदारी स्वीकारून नोंदणी होणाऱ्या बँकांच्या हिशेबतपासणीचा कायदा झाला. १९०० साली तर तेथील सर्वच मर्यादित कंपन्यांस वार्षिक हिशेबतपासणी सक्तीची झाली.

सनद आणि तटबंदी

हिशेबनिसांच्या संस्था याच सुमारास निघाल्या. १८५४ साली एडिंबरोच्या हिशेबनिसांस राजसनद मिळाली, १८५५ साली ग्लासगोच्या. इंग्लंड आणि वेल्स मिळून जी संस्था झाली तिला १८८० साली राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. 'चार्टर्ड' म्हणजे सनदी, हा शब्द या पेशास चिकटला तो येथून. या संस्थांनी मोठे कार्य केले हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पेशास नियम दिले, परीक्षा लावल्या, लबाडी करणाऱ्यास बाहेर काढण्याची शिस्त घातली. कालपर्यंत जो कारकून समजला जाई, तो आता वकील-वैद्यांच्या पंक्तीस बसू लागला.

परंतु या पंक्तीस बसण्याची वाट फार अरुंद होती. सनदी हिशेबनीस व्हावयाचे तर एखाद्या सभासदाच्या पेढीत करारबद्ध उमेदवार म्हणून राहावे लागे. यास 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणत. ही उमेदवारी सामान्यतः पाच वर्षांची असे, आणि पदवीधरास तीन वर्षांची. ती मिळण्यासाठी उमेदवाराच्या बापाने पेढीच्या मालकास 'प्रीमियम' म्हणून भली मोठी रक्कम मोजावयाची, आणि उमेदवारीच्या काळात मुलास बहुधा पगार नाहीच. म्हणजे पाच वर्षे मुलाचे पोट घरच्यांनी भरावे आणि वर गुरुदक्षिणाही आगाऊ द्यावी! ज्याच्या घरी हे सामर्थ्य नाही, तो कितीही बुद्धिमान असो, परीक्षेच्या दालनापर्यंत त्यास पोहोचताच येत नसे. गुणाची परीक्षा होण्यापूर्वी ऐपतीची परीक्षा होत असे. स्त्रियांस तर दारच बंद होते.

शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यामुळे अशा मुलांचे दुःख आम्हांस परके नाही. वर्गात पहिला येणारा मुलगा शालान्त परीक्षेनंतर दुकानाच्या पायरीवर वजने उचलताना दिसावा, याहून शिक्षकास दुसरे क्लेशकारक दृश्य नाही.

१९०४ चे साल

अशा परिस्थितीत ३० नोव्हेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये आठ हिशेबनिसांनी एकत्र येऊन 'लंडन असोसिएशन ऑफ अकाउंटंट्स' ही संस्था स्थापन केली. त्यांचा हेतू साधा होता. जुन्या संस्थांतील प्रवेशापेक्षा या पेशातील प्रवेश अधिक मोकळा व्हावा. प्रीमियम भरून करारबद्ध होण्याची अट त्यांनी ठेवली नाही. जो माणूस कोठेतरी नोकरी करून पोट भरतो, हिशेबाचे काम प्रत्यक्ष शिकतो आणि रात्री दिव्याखाली अभ्यास करतो, त्यासही या पेशात मानाने येता यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

जुन्या सनदी मंडळींनी या नव्या संस्थेस आपल्या बरोबरीची मानले नाही, यात नवल नाही. प्रतिष्ठा ही हळूहळू मिळणारी वस्तू आहे आणि ज्यांस ती अगोदर मिळाली आहे ते तिच्यात वाटेकरी सहसा घेत नाहीत. तथापि बाहेर राहिलेल्या माणसापुढे नेहमी दोन मार्ग असतात. दाराशी उभे राहून गाऱ्हाणे गात बसावे, हा एक. आपले स्वतःचे घर बांधावे, हा दुसरा. या आठ जणांनी दुसरा मार्ग धरला. पण खरी कसोटी त्यापुढे असते. घर बांधून झाले, आपण आत आलो, की आतून कडी लावून घेण्याची खोड मनुष्यस्वभावात आहे. काल ज्यास बाहेर थांबविले, तोच आज दुसऱ्यास थांबवितो. ही संस्था त्या कसोटीस कितपत उतरली, हे पाहणे हाच या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

पहिली कसोटी

पहिली कसोटी पाचच वर्षांत आली. १९०९ साली एथेल एअर्स पर्डी या बाईस संस्थेने सभासद करून घेतले. या संस्थेची ती पहिली स्त्री सभासद. स्त्रियांस मतदानाचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत तिचा भाग होता आणि विवाहित स्त्रियांच्या प्राप्तिकराचा प्रश्न तिने हिरिरीने हाती घेतला होता.

हा प्रश्न काय होता? त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यात पत्नीचे उत्पन्न हे पतीचेच उत्पन्न समजले जाई. त्यावरील कर पतीने भरावा, मग पत्नीच्या मिळकतीत त्यास हात घालता येवो वा न येवो. १९१२ साली मार्क विल्क्स नावाच्या एका शाळामास्तरास या कायद्यापायी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात जावे लागले. त्याची पत्नी डॉक्टर होती. तिने निषेध म्हणून कर दिला नाही, आणि तिच्या उत्पन्नावरील कर भरण्याचे सामर्थ्य मास्तरांच्या पगारात नव्हते! हिशेब ही केवळ आकड्यांची बाब नव्हे, तिच्यात न्याय-अन्यायही असतो, हे पर्डीबाईंसारख्या स्त्रियांनी ओळखले होते.

याच्या तुलनेत जुन्या संस्थेचे वर्तन पाहावे. मेरी हॅरिस स्मिथ नावाची एक कर्तबगार बाई लंडनमध्ये स्वतःच्या नावाने हिशेबाचा व्यवसाय करीत असे. एकोणिसाव्या शतकातच तिने प्रवेशासाठी अर्ज केला होता. तो केवळ ती स्त्री म्हणून फेटाळला गेला. १९१९ साली स्त्रियांवरील निर्बंध उठविणारा कायदा झाला आणि त्यानंतर, १९२० मध्ये, इंग्लंड-वेल्सच्या सनदी संस्थेने तिला आत घेतले. तेव्हा तिचे वय पंचाहत्तर वर्षांचे होते. एका संस्थेने कायद्याची वाट न पाहता दार उघडले. दुसरीने कायदा दारात येऊन उभा राहिल्यावर उघडले.

येथे एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. १९०९ साली स्त्रीस सभासद करणाऱ्या या संस्थेस पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९८० साली, व्हेरा डी पाल्मा यांच्या रूपाने. मध्ये एकाहत्तर वर्षे गेली. दारातून आत येणे आणि अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळावे.

हक्क आणि राजसनद

दार उघडे ठेवले म्हणजे काम संपत नाही. जो आत आला त्याच्या पदवीस बाहेर किंमत हवी. ती मिळविण्यात संस्थेची पुढील सत्तर वर्षे गेली. आपल्या सभासदांस कंपन्यांचे हिशेब तपासण्याचा हक्क असावा म्हणून संस्थेने चळवळ केली आणि १९३० मध्ये तिला यश आले. १९३३ साली नावात 'सर्टिफाइड' हा शब्द आला. १९३९ साली ग्लासगोची 'कॉर्पोरेशन ऑफ अकाउंटंट्स' ही १८९१ मधील संस्था हिच्यात विलीन झाली आणि १९४१ साली आणखी एक संस्था येऊन मिळाली. १९४८ च्या कंपनी कायद्यानंतर हिशेबतपासणीसाठी ज्या मोजक्या संस्थांस सरकारमान्यता होती, त्यांत हिचा समावेश होता.

१९७० साली ब्रिटनमधील सर्व प्रमुख संस्था एकत्र करण्याची योजना पुढे आली; परंतु इंग्लंड-वेल्सच्या सनदी संस्थेच्या सभासदांनी ती मतदानात फेटाळली. पुन्हा एकदा दार लागले! संस्था खचली नाही. १९७४ साली तिला स्वतःची राजसनद मिळाली. ज्या सनदेच्या अभावी आठ हिशेबनिसांस निराळी चूल मांडावी लागली होती, ती सनद सत्तर वर्षांनी त्यांच्या चुलीपाशी चालत आली. १९८४ मध्ये 'चार्टर्ड' हा शब्द नावात आला आणि १९९६ पासून 'असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स' हे आजचे नाव रूढ झाले.

समुद्रापलीकडे

या संस्थेचा परदेशांत जो विस्तार झाला, त्याचे रहस्य तिच्या जन्मातच आहे असे आम्हांस वाटते. पेढीतील उमेदवारी ही जागेस बांधलेली असते. लंडनच्या पेढीत पाच वर्षे बसावयास लंडनलाच जावे लागे. परीक्षा मात्र प्रवास करू शकते. प्रश्नपत्रिका सिंगापूरला पाठविता येते, हाँगकाँगला पाठविता येते, आफ्रिकेत आणि वेस्ट इंडीज बेटांत पाठविता येते. तेथील तरुणाने आपल्या गावी नोकरी करावी, पुस्तके मागवून अभ्यास करावा आणि लंडनच्या विद्यार्थ्याने दिली तीच परीक्षा द्यावी. गरिबाच्या सोयीसाठी जी वाट काढली, तीच पुढे परदेशस्थाच्या कामी आली.

प्रारंभी हा विस्तार ब्रिटिश साम्राज्याच्या वाटांनीच झाला हे खरे. पुढे साम्राज्य मावळले, वसाहती स्वतंत्र झाल्या आणि प्रत्येक देशाने हिशेबनिसांची आपली संस्था काढली. अशा वेळी अनेक परकी संस्था गाशा गुंडाळतात. हिने निराळे धोरण ठेवले. हाँगकाँग, सिंगापूर यांसारख्या ठिकाणी तेथील संस्थांशी हातमिळवणी करून काही काळ संयुक्त परीक्षा चालविल्या. करकायदा देशोदेशी निराळा, म्हणून त्या विषयांच्या पत्रिका देशपरत्वे काढल्या. १९७३ साली आंतरराष्ट्रीय हिशेबमानके ठरविणारी समिती लंडनमध्ये स्थापन झाली. १९७७ साली म्युनिक येथे हिशेबनिसांच्या संस्थांचा जागतिक महासंघ निघाला. त्यानंतर जमाखर्चाची भाषा जसजशी सर्व देशांत एक होऊ लागली, तसतशी या परीक्षेची उपयुक्तता वाढत गेली. २०१६ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सनदी संस्थेशीही तिने सहकार्याचा करार केला. २०२४ च्या सुमारास सुमारे १८० देशांत मिळून तिचे अडीच लाखांवर सभासद आणि पाच लाखांवर विद्यार्थी होते. प्रारंभ आठांचा होता, हे येथे पुन्हा आठवावे.

आपल्या देशात

आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसास सरकारी प्रमाणपत्राची आवश्यकता लावली. पुढे १९१८ च्या सुमारास मुंबईत हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली आणि १९१३ साली स्थापन झालेले सिडनम कॉलेज हे त्या शिक्षणाचे केंद्र बनले. मद्रासच्या आर. शिवभोगम् या स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगलेल्या बाई १९३३ साली भारतातील पहिल्या स्त्री हिशेबतपासनीस झाल्या. स्वातंत्र्यानंतर १ जुलै १९४९ रोजी 'इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया' ही आपली राष्ट्रीय संस्था संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आली. जी. पी. कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. आज सभासदसंख्येच्या दृष्टीने ती जगातील अग्रगण्य संस्थांपैकी एक आहे. हिशेबनिसांची पहिली जागतिक परिषद अमेरिकेत सेंट लुईस येथे भरली ते सालही १९०४. तीच परिषद ११८ वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, प्रथमच भारतात भरली आणि तो मान आपल्या मुंबईस मिळाला.

पालकांसाठी येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. भारतात कंपनीच्या हिशेबतपासणीवर सही करण्याचा अधिकार आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या, व्यवसायाचा परवाना असलेल्या सभासदासच आहे. लंडनच्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याने तो अधिकार येथे मिळत नाही. मुंबई-पुण्यास परदेशी कंपन्यांची जी कार्यालये आहेत तेथे, अथवा परदेशी नोकरी करावयाची झाल्यास, त्या परीक्षेचा उपयोग होतो. तेव्हा मुलास कोणते काम करावयाचे आहे हे आधी ठरवावे आणि मग वाट निवडावी. शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून आपल्याही मुलास धाडू नये.

उंबरठा

दार रुंद केले म्हणजे उंबरठा खाली आला, असा समज कोणी करून घेऊ नये. २०१८ पासूनच्या रचनेत ही परीक्षा तेरा पत्रिकांची आहे. काही पत्रिकांत पूर्वशिक्षणामुळे सूट मिळते. पण शेवटच्या पत्रिकांतून कोणाचीही सुटका नाही. शिवाय तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि नीतिविषयक अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून सभासदत्व मिळत नाही. कोविडच्या साथीत घरी बसून संगणकावर परीक्षा देण्याची सोय संस्थेने केली होती. परंतु यंत्रांच्या साहाय्याने कॉपी करण्याचे प्रकार वाढले, तेव्हा मार्च २०२६ पासून, अपवाद वगळता, ही सोय बंद करण्याचा निर्णय तिने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. दुसऱ्याचा हिशेब तपासावयाचा तर प्रथम आपला चोख हवा!

आपल्या मंडळाने काय घ्यावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ स्थापिले, ते शहरात शिकावयास येणाऱ्या आपल्या मुलांस निवारा नव्हता आणि फीची सोय नव्हती म्हणून. तेही बाहेर राहिलेल्यांनी बांधलेले घरच होय. त्यांच्या कष्टांमुळे आज आपल्यापैकी पुष्कळ जण घराच्या आत आहेत. अशा वेळी कडी लावण्याचा मोह आपणांसही होत नाही काय, हे प्रत्येकाने मनास विचारावे. शिष्यवृत्तीचा अर्ज हाती आला म्हणजे मुलाच्या गुणांआधी त्याच्या आडनावाकडे, चुलत्यामामांकडे आपली दृष्टी जाते की नाही? मुलीच्या अर्जावर 'तिचे लग्न होऊन ती परघरी जाणार' असा शेरा आपण मनातल्या मनात मारतो की नाही?

आमच्या अल्पमतीनुसार तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. शिष्यवृत्ती गरज आणि गुण पाहूनच द्यावी आणि अर्ज तपासताना नावे झाकून ठेवावीत. मुलींचा वाटा मुलांच्या बरोबरीचा असावा. आणि मंडळाच्या शैक्षणिक निधीतील काही भाग आपल्या ज्ञातीबाहेरील एखाद्या होतकरू, निराधार विद्यार्थ्यासाठी दर वर्षी राखून ठेवावा. ही शेवटची सूचना काहींस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. मंडळ आपले, पैसा आपला, मग बाहेरच्यास का, असे ते म्हणतील. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, आपली माणसे बाहेर उभी असताना आपणांस जे वाटत होते, तेच आज बाहेर उभ्या असलेल्या मुलास वाटत असेल. ज्ञातीचा अभिमान धरावा, पण तो दार उघडणाऱ्याचा असावा.

आणि सर्वांत शेवटी एक साधी गोष्ट. मंडळाचा वार्षिक जमाखर्च मंडळाशी नातेसंबंध नसलेल्या त्रयस्थ तपासनिसाकडून तपासून घ्यावा आणि याच स्मरणिकेत, वर्गणीदारांच्या यादीशेजारी, छापावा. वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घरास आपला रुपया कोठे गेला हे वाचता आले पाहिजे. येत्या वार्षिक सभेत या सूचनांचा विचार व्हावा, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.